दस्तगीरमामूची धाकटी

दस्तगीरमामूच्या पायजम्याला इतकी भोकं होती की तो दोरीवर वाळत घातला तर त्यातून पलीकडचं सगळं धाराशिव दिसायचं. कचेरी दिसायची, कोर्टाचं छप्पर दिसायचं आणि नजर चांगली असेल तर तुळजापूरचा घाटही. ही भोकं उंदरांनी पाडलेली नव्हती आणि गरिबीनंही पाडलेली नव्हती. ती ॲसिडची होती. मामू बॅटऱ्या सांभाळायचा.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. नव्या सरकारनं आमच्या जिल्ह्याला एक फिरता दवाखाना दिला होता. फिरता दवाखाना म्हणजे एक म्हातारी मोटार आणि तिच्या पाठीवर बांधलेली लाकडी खोली. आत साखळ्यांना टांगलेल्या दोन फळ्या, औषधांचं कपाट, एक स्टो, एक पंखा आणि तीन दिवे. महिन्यातले वीस दिवस आम्ही तिघं हिच्यातच राहायचो. खालच्या फळीवर डॉक्टरसाहेब, वरच्या फळीवर मी, म्हणजे कंपाउंडर. माझी फळी एवढी अरुंद होती की कूस बदलायची तर खाली उतरून, मोटारीला एक फेरी मारून, दुसऱ्या बाजूनं पुन्हा चढावं लागायचं. आणि खाली जमिनीवर मामू. तो मोटार चालवायचा, भाकरी थापायचा, पंक्चर काढायचा, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळ्याच वेळात, बॅटऱ्यांची उस्तवार करायचा.

बॅटऱ्या दोन होत्या. एक पुढं, इंजिनाशेजारी. तिच्या जोरावर मोटार चालू व्हायची. तिला मामू थोरली म्हणायचा. दुसरी आत, बाकाखालच्या पेटीत. दिवे, पंखा, लाउडस्पीकर सगळं तिच्यावर. ती धाकटी. मोटार चालायला लागली की इंजिन दोघींना पाजायचं. मोटार थांबली की मात्र दोघींचे संसार वेगळे. मध्ये एक लोखंडी खटका होता; तो दाबला की थोरलीची ताकद धाकटीला मिळायची. पण मामूनं त्या खटक्याची मूठच काढून बंडीच्या खिशात ठेवली होती. "थोरलीचं काढून धाकटीला दिलं की सकाळी दोघीबी मेल्या," म्हणायचा. "मग ढकला मोटार भूमपातुर."

मी नोकरीवर रुजू झालो तेव्हा पहिल्याच मुक्कामात, दिवेलागणीला, मी आडवा पडून कादंबरी वाचत होतो. नायिका विहिरीच्या काठावर उभी होती. मामूनं येऊन दिवा बंद केला.

"मामू, अहो, वाचतोय मी."

"वाचा की. बाहेर चांदनं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "उद्या डॉक्टरसायबाला कुनाला टाकं घालायचं झालं, तर तुमच्या त्या बाईच्या उजेडात घालायचं का, अण्णा?"

ती नायिका विहिरीत पडली का वाचली ते मला आजतागायत माहीत नाही.

मामूची सकाळ बघण्यासारखी असायची. नमाज झाला की तो पेटीपुढं बसायचा. खायच्या सोड्याच्या पाण्यानं बॅटरीची शिंगं, म्हणजे तारा अडकवायचे दोन खुंट, धुवायची, तिथं आलेली हिरवी-पांढरी बुरशी जुन्या दातवणानं घासायची, पुसायची, व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. मग सहा झाकणं एकेक करून उघडायची आणि काचेची नळी आत घालून आतल्या पाण्याचं वजन बघायचं. नळीत एक छोटं तरंगणारं बोंडूक होतं. ते वर आलं की मामूच्या भुवया खाली यायच्या आणि ते खाली गेलं की भुवया वर जायच्या. मी लांबूनच भुवया बघून धाकटीची तब्येत सांगायचो. शेवटी तो कान लावायचा. आत बारीक बुडबुडे फुटतात, त्यांचा आवाज ऐकून कुठल्या खान्यात पाणी कमी आहे ते त्याला कळायचं. मी तर शपथेवर सांगतो, एकदा एस.टी. स्टँडवर उभा राहून त्यानं जाणाऱ्या बसमधली बॅटरी ओळखली होती: "तिसरं खानं कोरडं हाय. येरमाळ्याच्या फुडं जात न्हाय ही." गेली नाही.

पाणी हा त्याचा धर्म होता. बॅटरीत उडून जाणारं पाणी परत भरायचं तर ते शुद्ध लागतं, आणि असलं पाणी कचेरीकडून आलं तर आलं, नाही तर नाही. मामूनं कचेरीची वाट बघणं सोडलं होतं. भरपावसाळ्यात तो धाराशिवातल्या आपल्या घराच्या धाब्यावर चार बांबू रोवून पांढरं धोतर ताणून बांधायचा, मधोमध एक गुळगुळीत दगड ठेवायचा, आणि खाली चिनी मातीची बरणी. तांब्यापितळेला किंवा घागरीला ते पाणी लागता कामा नये. पहिला अर्धा तास पडलेलं पाणी फेकून द्यायचं, कारण त्यात हवेतली धूळ असते. त्याची बायको म्हणायची, "आमच्या घरात पाहुण्याला घागरीतलं आन् बॅटरीला बरनीतलं." मी पाहुणा म्हणून गेलो तेव्हा मला घागरीतलंच दिलं.

निजामाच्या काळात मामू कुठल्याशा तारघरात होता. तिथं काचेच्या बरण्यांत मांडलेल्या बॅटऱ्यांची रांगच्या रांग असायची. तिथं हे सगळं शिकला. राज्य बदललं, तारघर दुसऱ्यांकडं गेलं, आणि मामूला या मोटारीवर घेतलं ते हंगामी म्हणून. मग दर वर्षी नवा हुकूम, दर वर्षी हंगामी. त्याचा भाऊ हैदराबादेला निघून गेला होता. तिकडून पत्रं यायची, ये म्हणून. मामू पत्र वाचून घडी घालायचा आणि म्हणायचा, "तिकडं जाऊन काय करू? आमचा आजा, पणजा हितंच पुरलाय. एक डाव कायमचा कागद हातात पडला की कुनी इचारनार न्हाय, तू अजून हितं कसा म्हनून." बाकी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तो चेष्टा करायचा. त्या कागदावर त्यानं कधी केली नाही.

आणि भीती म्हणाल तर त्याला कुणाचीच नव्हती. ईटला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. फाल्गुनात गारपीट आली. दुपारी चारलाच असा अंधार झाला की कोंबड्या झाडावर चढल्या. गारा नारळाएवढ्या होत्या. बरं, लिंबाएवढ्या म्हणू. त्यातच बैलानं मांडी फाडलेला एक गडी चौघांनी बाजेवर घालून आणला. डॉक्टरसाहेबांनी त्याला आत घेतलं आणि टाके घालायला बसले. मामूनं इंजिन चालू ठेवलं, धाकटीची झाकणं उघडली आणि तिच्याजवळ उकिडवा बसला. मागोमाग गावचे पाटील आत शिरले. मोठा माणूस, मिशा कानाला टेकलेल्या, तोंडात पेटती बिडी. वाकून बघायला गेले आणि मामूनं हात लांब करून त्यांच्या ओठातली बिडी काढली आणि आपल्या तळहातात चुरगाळून विझवली.



"कोन रं तू?" पाटील म्हणाले.

"बॅटरीवाला. गावचे पाटील तुमी. ह्या पेटीचा पाटील मी." मामूनं मान वर केली नाही. "झाकनं उघडी हायत. आतनं वारं निघतंय, ते पेट घेतंय. ठिनगी पडली तर तुमी, मी, डाक्टर आन् ह्यो मांडी फाटलेला, समदे एकदम छपरावर."

पाटील गुपचूप बाहेर जाऊन गारांत उभे राहिले. गड्याला बत्तीस टाके पडले. मी सांगताना बावन्न सांगतो. दिवा एकदाही मिचकला नाही. संध्याकाळी पाटलांनी मामूसाठी भाजक्या शेंगांची पाटी आणि स्वतःच्या बिड्यांचं बंडल पाठवलं. मामूनं शेंगा खाल्ल्या, बंडल परत केलं.

हा असा माणूस. म्हणून सोनारीला जे झालं ते मला अजून पचत नाही.

सोनारीला चैत्रात काळभैरवाची जत्रा भरते. पटकीची साथ नको म्हणून आमची मोटार तिथं दर वर्षी जायची; येणाऱ्याला सुई टोचायची आणि लाउडस्पीकरवरून पाणी उकळून प्या म्हणून ओरडायचं. त्या वर्षी आमच्या खात्याचे नवे मोठे साहेब जातीनं आले. पुण्याकडचे, गोरेपान, हसतमुख. काळभैरव त्यांचं कुलदैवत. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. सकाळी आल्या आल्या त्यांनी मामूच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "दस्तगीर, तुमचा कायमचा कागद माझ्या टेबलावर आहे. जत्रा आटोपली की सही करतो."

 त्या सकाळी मामूनं धाकटीला दोनदा पुसलं.

गडबड अशी झाली की परांड्याहून येताना दगडाच्या रस्त्यावर बरणी फुटली होती. वर्षभर जपलेलं पाणी मामूच्या गोधडीनं पिऊन टाकलं. चैत्राचं ऊन तर असं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. दुपारी मामूनं झाकणं उघडली तर आतले पत्रे उघडे पडलेले. तो साहेबांकडं गेला आणि म्हणाला, आज धाकटीला काम नको, संध्याकाळी दिवे आणि भोंगा जमणार नाही, मी धाराशिवाहून पाणी घेऊन येतो, उद्या पाहिजे ते करा.

संध्याकाळी साहेबांचं भाषण होतं. तरी ते रागावले नाहीत. म्हणाले, "पाणीच हवं ना?" आणि शिपायाला देवळाकडं पिटाळलं. शिपाई तांब्याच्या तांब्यात तीर्थ घेऊन आला.

"साहेब, पावसाचं लागतं," मामू म्हणाला. "तांब्यातलं चालत न्हाय. पत्रे खराब हुतील."

"अरे, याच्याहून शुद्ध पाणी जगात आहे कुठं?" साहेब हसले. त्यांना ते मनापासून वाटत होतं. शिकलेला माणूस, इंजिनाचं पुस्तक वाचलेला. पण त्या पाण्यात मीठ-माती असू शकते हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. लहानपणापासून ते पाणी त्यांनी तळहातावर घेऊन डोळ्यांना लावलं होतं.

एव्हाना भोवती माणसं जमली होती. त्यातला एक, कुंकवाचा मळवट भरलेला, अगदी सहज, आवाज न चढवता म्हणाला, "का मामू? आमच्या देवाचं पानी तुमच्या डब्याला चालत न्हाय व्हय?"

कुणी हसलं नाही. कुणी त्याला गप्पही केलं नाही.

मामूनं एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. माझ्या औषधाच्या पेटीत, पेनिसिलीनची पूड कालवायला लागतं त्या शुद्ध पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. सीलबंद. डॉक्टरसाहेब पार वेशीवर सुया टोचत बसले होते, तेव्हा पेटीचा मालक मीच. "साहेब, माझ्याकडं आहे की," एवढं म्हणायचं होतं. साहेब खूश झाले असते, तीर्थ मजेत पिऊन टाकलं असतं, तो मळवटवाला पुढं गेला असता. मला कुणाची भीती नव्हती. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. पाटलाच्या तोंडातली बिडी काढणारा मामू आता काय करतो ते मला बघायचं होतं. दहा गावांत रंगवून सांगण्यासारखं काहीतरी घडायला आलंय आणि आपण त्यात पाणी कशाला ओतायचं, असा माझा विचार.

मामूनं चपला काढल्या. टोपी नीट केली. दोन्ही हातांनी तांब्या घेतला, कपाळाला लावला, आणि सहाही तोंडांत बेतानं, सारखं सारखं पाणी ओतलं. एक थेंब सांडला नाही. झाकणं बसवली. मग इंजिन चालू करून तो मोटारीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी तिन्ही दिवे लागले. भोंगा असा गर्जला की परांड्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली. साहेबांचं भाषण पाऊण तास चाललं. नंतर त्यांनी उरलेलं तीर्थ आपल्या जीपच्या रेडिएटरमध्ये ओतवलं आणि मामूला म्हणाले, "बघितलंत दस्तगीर, श्रद्धा लागते." मामू म्हणाला, "जी साहेब."

बॅटरी एका दिवसात मरत नाही. तिला आतून लागतं. पंधरा दिवसांनी धाकटी तापायला लागली. झाकणातून फेस यायचा. सकाळी भरलेली दुपारी रिकामी. मामूनं तिच्यातलं सगळं काढलं, धुतलं, नवं ॲसिड भरलं, तीन रात्री चार्जिंगला लावली. नळीतलं बोंडूक वर यायचं नाव घेईना. वैशाख सरता सरता तिचे दिवे निखाऱ्यासारखे लाल झाले. डॉक्टरसाहेब कंदील लावून सुया टोचायला लागले. मामू तरीही रोज सकाळी तिची शिंगं पुसत होता. कान लावायचं मात्र त्यानं सोडलं होतं.

कचेरीनं विचारणा केली: चांगली चालती बॅटरी दीड महिन्यात कशी गेली? साहेबांनी फार प्रामाणिकपणे विचार केला. तेच पाणी त्यांच्या जीपमध्येही घातलं होतं, आणि जीप तर घोड्यासारखी पळत होती. रेडिएटरला काय, गढूळ नाल्याचं पाणीसुद्धा चालतं, पण हे त्यांना कोण सांगणार? म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. मग उरला माणूस.

मामूला कागद आला. बॅटरीत कोणतं पाणी घातलं, लेखी खुलासा द्या. मामूला उर्दू लिहिता यायचं, मराठी नाही. म्हणून खुलासा लिहायला बसलो मी. मोटारीच्या पायरीवर आम्ही दोघं, दुपारची वेळ.

"लिवा अण्णा. विहिरीचं पानी घातलं. चूक माझी हाय."

मी लेखणी खाली ठेवली. "मामू, खरं लिहू. सोनारीला साहेबांनी सांगितलं, तीर्थ घातलं. पन्नास माणसांनी बघितलंय."

"आन् मग?"

"मग काय, तुमची चूक नाही हे सिद्ध होईल. कागदावर सही होईल."

मामूनं हातावरचा ॲसिडचा डाग अंगठ्यानं घासला. "सही व्हईल," तो म्हणाला. "आन् बाजारात लोक म्हनतील, दस्तगीरनं लिवून दिलंय, भैरोबाच्या पान्यानं बॅटरी सडली. कागद घिऊन मी कुठं ऱ्हाऊ, अण्णा? मला ह्याच मुलखात ऱ्हायचंय. तुमी विहीर लिवा."

मी विहीर लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. खाली त्यानं उर्दूत सही केली. पुढच्या हंगामाचा हुकूम निघाला त्यात दस्तगीर नावच नव्हतं. नवा माणूस आला, नवी बॅटरी आली. नव्या माणसानं खटक्याची मूठ परत जागेवर बसवली आणि मी आरामात कादंबऱ्या वाचायला लागलो.

ही गोष्ट मी पुढं खूप ठिकाणी सांगितली. तीर्थ पिऊन भोंगा कसा गर्जला, जीप कशी पळाली, लोक पोट धरून हसायचे. दर वेळी मी दोन बाटल्या तेवढ्या गाळून सांगायचो.

दोनेक वर्षांनी भूमच्या रस्त्यावरच्या एका गावात आम्ही थांबलो असताना पिठाच्या गिरणीत मामू दिसला. आधी मी ओळखलंच नाही. टोपीपासून पापण्यांपर्यंत पांढरा झाला होता. बायका ज्वारीच्या टोपल्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. मला बघून तो बाहेर आला, माझ्या पोराबाळांची चौकशी केली, डॉक्टरसाहेबांचं विचारलं. धाकटीचं विचारलं नाही. मीच मग न राहवून बोललो. म्हटलं, "मामू, सोनारीला त्या दिवशी माझ्या पेटीत शुद्ध पाण्याच्या बाटल्या होत्या."

"दोन," मामू म्हणाला.



"पेटी सकाळी म्याच चढिवली होती की गाडीत. बघितल्या होत्या." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"मग मागितल्या का नाहीत तुम्ही?"

 त्यानं पापण्यांवरचं पीठ मनगटानं पुसलं. "मागितल्या असत्या तर तुमी दिल्या असत्या का न्हाय, अण्णा?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. आयुष्यभर हव्या तेवढ्या थापा मारलेलं तोंड. तेव्हा त्यातून शब्द फुटेना.

"आता नका सांगू," मामू म्हणाला. आतून एका बाईनं हाक दिली, मामू, उशीर व्हायलाय, पोरं भुकेली हायत. तो वळला. कोपऱ्यात तेलावर चालणारं मोठं इंजिन होतं, हातानं फिरवून चालू करायचं. त्याला बॅटरी नसते. मामूनं लोखंडी हँडल लावलं, पाय रोवले आणि सगळं अंग घालून फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं, पट्टा फिरायला लागला आणि पिठाचा लोट उठला. त्यात मामू दिसेनासा झाला. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो. मग रांगेतल्या बायकांनी मला जरा बाजूला सरकायला सांगितलं.